सगळ्यात भारी तेल

“काका, माझ्या गाडीसाठी सगळ्यात भारी तेल कोणतं?”

एवढंच विचारून दाखवायचं होतं. पैज माझ्या वर्गातल्या सिरीन आणि लमारची. गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी कुनाफा ही चीजची गरम मिठाई खायला अम्मानच्या बयादर भागात गेलो होतो, आणि परतताना गॅरेजांची ती लांबच लांब रांग लागली. तिथे मुली जात नाहीत. त्यातून आम्ही गणवेशात!

“जा ना, भाषणसम्राज्ञी,” सिरीन म्हणाली. महिन्यापूर्वी मी वक्तृत्वाचं बक्षीस मारलं, तेव्हापासून ‘मी कुणाला म्हणजे कुणालाही घाबरत नाही’ असं सगळीकडे सांगत फिरत होते. “त्या निळ्या शटरच्या दुकानात. मी व्हिडिओ काढते.”

निळं शटर माझ्या बाबांचं.

हे दोघींना माहीत नव्हतं. या शाळेत मी याच वर्षी आले. बाबा गाड्यांचे इंजिनिअर आहेत असं पहिल्याच दिवशी ठोकून दिलं होतं. आमची खडखडती गाडी कुणाला दिसू नये म्हणून ‘मला शाळेच्या मागच्या गल्लीतच सोडा’ असं बाबांना बजावलं होतं. त्यांनी कारण विचारलं नाही.

“दुसरं दुकान सांग,” मी म्हटलं.

“घाबरली! लमार, ही घाबरली!”

मग काय, गेले.

बाबा एका गाडीच्या पोटाखालच्या खड्ड्यातून वर येत होते. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला! “बा—” एवढं तोंडून निघालंसुद्धा. आमच्याकडे बाप लेकीलाही लाडाने ‘बाबा’च म्हणतो. मी घाईघाईने ‘काका’ म्हणून प्रश्न फेकला.

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. फोन धरून खिदळणाऱ्या दोघी. त्यांनी चिंधीला हात पुसले, पुसतच राहिले.

“गाडी कोणती, मॅडम?”

मॅडम! मला जगात एकच गाडी नीट माहीत होती. “पांढरी. शहाण्णव सालची.”

“पळालीय किती?”

“चार लाख किलोमीटर.”

मागून हशा.

“सकाळी निळा धूर सोडते?”

“थोडा.”

“आत्ता तेल कोणतं आहे?”

“वीस-पन्नास.”

“मग तेच जाड तेल घाला. भारी डबा बघून पातळ घ्याल, तर म्हाताऱ्या इंजिनात ते टिकायचं नाही. झिजलेल्या जागांतून आत जाऊन जळेल, धूर आणखी वाढेल.”

सिरीन पुढे सरकली. “आणि आमच्या नव्या गाडीत, काका?”

“नवीला पातळ. कोणतं, ते गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. उन्हाळा कडक म्हणून लोक नव्या गाडीतही जाड तेल ओततात आणि इंजिन दमवतात. सगळ्यात भारी असं तेल नसतंच, बेटा. आधी गाडी बघायची, मग डबा.”

सिरीनने फोन खाली केला. ती खरंच ऐकत होती. इथेच संपलं असतं, पण शेजारच्या टायरवाल्याने आपल्या दुकानातून आरोळी ठोकली, “अबू जुमाना! चहा गार होतोय रे!”

“अय्या,” लमार म्हणाली, “यांच्या मुलीचं नावही तुझ्यासारखं जुमाना!”

‘अबू’ म्हणजे बाप; बापाला थोरल्या मुलाच्या नावाने, ‘अमक्याचा बाप’ अशी हाक मारायची, ही आमच्याकडची रीत. बाबांना मुलगा नाही. ‘पुढेमागे होईल, त्याचं नाव आत्तापासून लाव,’ असं लोकांनी सुचवलं होतं म्हणे. त्यांनी माझंच लावलं. अख्खा बाजार त्यांना माझ्या नावाने ओळखतो. आणि मी काय म्हणाले?

“अम्मानमध्ये शंभर जुमाना असतील.”

“असतील,” बाबा म्हणाले. “आमची लहान आहे अजून.”

आणि खड्ड्यात उतरले. पैज मी जिंकले. दोघींनी पाठ थोपटली, तेव्हा रस्ता दुभंगावा आणि मला गिळावं असं वाटत होतं.

दर शुक्रवारी सकाळी बाबा दारात आमच्या गाडीचं तेल बघतात, कमी असेल तर घालतात. नरसाळं धरायचं काम माझं, मी सहा वर्षांची असल्यापासून. या शुक्रवारी हाक आली नाही. खिडकीतून पाहिलं, तर एका हातात नरसाळं, दुसऱ्या हातात डबा, आणि तेल इंजिनावर सांडतंय.

आई पायरीवर मुलुखियाची पालेभाजी निवडत होती. “जुमाना कुठाय आज? हाक मारा की तिला.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “हात काळे होतात तिचे.”

माझे कान पेटले. तशीच अनवाणी खाली धावले आणि त्यांच्या हातातून नरसाळं काढून घेतलं. डबा रिकामा होईपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“काय झालं, बाबा?” त्यांनी हळूच विचारलं. काल गिळलेला शब्द त्यांनी आज पुरा म्हटला.

मग मी स्पर्धेतल्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “आई, बाबा, दोघंही ऐका. रविवारी शाळा उघडली की मी मागच्या गल्लीत उतरणार नाही. गाडी थेट शाळेच्या फाटकाशी न्यायची, चांगला लांब हॉर्न वाजवायचा. आणि सिरीन-लमार दिसल्या की मी ओरडून सांगणार आहे, हे अबू जुमाना, आणि यांची जुमाना ती मी!”