भोंग्याच्या सुरातला अल्बम

आमचा अल्बम आला आणि त्यात ताईचा आवाज नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरू. अल्बम अजून यायचाय, सगळे मजेत आहेत.

मी भाग्येश, ताई म्हणजे वैभवी. बाबा जालन्याहून बोईसरला कंपनीत लागले, आमची खोली कंपनीच्या भिंतीला चिकटून. घरात पेटी नव्हती, भोंगा होता. दुपारी तीनला पाळी बदलताना तो वाजायचा आणि आम्ही त्याचाच सा धरायचो. ताई वरून, मी तिच्या इतका जवळून की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. आई ओरडायची, "एकानेच गा, दुसऱ्याने कांदा चिरा!" गातंय कोण, हे तिलाही कळायचं नाही.

सात गाणी पालघरला विपुलच्या स्टुडिओत केली, दोघांनी एकाच माइकवर. विपुल शिरगावचा, लग्नाच्या व्हिडिओंचा राजा. भोंग्याचा सूर पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्यांच्या मधोमध पडतो, हा त्याच्या कॉम्प्युटरला अपमान वाटला. विपुलने सूर सरळ केले, घुमारा काढायचं बटण दाबलं, अल्बम सगळीकडे चढवला आणि जागा हवी म्हणून मूळ फाइल्स पुसल्या.

म्हणजे ते वाक्य तुम्ही वाचलं होतं.

"विपुल, ताई कुठाय?"

"कोन ताई?"

"सातही गाण्यांत गायलेली!"

"ती? मला वाटला तुझाच घुमारा हाय. काढला. आता कसा स्वच्छ वाटतोस!"

ताई समोरच बसली होती. उठली आणि त्याच्या कानापाशी पूर्ण आवाजात एक ओळ गायली.

"मस्त आवाज हाय ओ," विपुल म्हणाला. "रेकॉर्ड का नाय करत?"

मी माइक उचलला, त्याच्या डोक्यात घालायला. ताईने तो हिसकावला. पहिला हक्क तिचा होता. पण तिने तो स्टँडवर आपटला. "परत गाऊ. सगळं."

दुसऱ्या दिवशी तीनची वाट पाहिली. कंपनीने त्याच आठवड्यात बसवलेला नवा भोंगा रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोसारखा केकाटला. मोबाइलच्या तानपुऱ्यावर गाऊन पाहिलं, तर आम्ही एकमेकांचे भाडेकरू वाटलो. मग ताईने दातओठ खात अर्ज लिहिला:

प्रति, मा. कारखाना व्यवस्थापक.
विषय: जुना भोंगा परत मिळणेबाबत.
महोदय, भंगारात काढलेला भोंगा पूर्ववत बसवून, सलग सात दिवस, दुपारी तीन ते सात, न थांबता वाजवावा. या काळात कामगारांनी पळू नये व अग्निशमन दलाने येऊ नये, असे आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत, ही विनंती.
आपली विश्वासू,
घुमारा