पान सत्त्याऐंशी

जज थ्रेडगिल यांनी व्हायनीला मुक्त केलं. मंगळवारी सकाळी, सहीसकट. आता हे विसरा, कारण असं काही झालंच नाही.

आमचं न्यायालय जॉर्जियातल्या गावोगाव फिरतं. मी लुशियस टार्व्हर, जजसाहेबांचा लेखनिक-वकील. खाणावळीत आम्ही एकाच पलंगावर झोपतो. म्हातारे क्रोवेल मृत्युपत्रात लिहून गेले होते, की आपली गुलाम स्वयंपाकीण व्हायनी हिला गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यात नेऊन मोकळं करावं. त्यांच्या पुतण्याने त्याविरुद्ध दावा लावला. जजसाहेबांनी तो फेटाळला. निकालाची शाई ओली असतानाच मी कागद नकलवहीत दाबला. पान सत्त्याऐंशीवर सगळं उमटलं.

दुपारी टपाल आलं. राजधानीतला मित्र लिहीत होता: ‘वरच्या न्यायालयाची खुर्ची तुमचीच. पुढच्या आठवड्यात विधानसभेत मतदान. तोवर गुलामांच्या बाबतीत शिंकूसुद्धा नका.’

जजसाहेबांनी निकाल शेगडीत घातला आणि पुतण्याच्या बाजूने नवा लिहिला. आधीच्याला पानभर कारणं लागली होती, याला तीन ओळी पुरल्या.

“साहेब, नकलवहीत जुना आहे.”

“फाड.”

“पानांवर छापील आकडे आहेत. सत्त्याऐंशी कुठे गेलं, कुणीही विचारेल.”

“मग अनुक्रमणिकेत लिही, पान कोरं.”

“त्यावर तुमची सही आहे.”

“लुशियस, तुला वकिली करायचीय ना लेका?”

मी लिहिलं. त्या दिवशी माझं अक्षर फार सुबक आलं.

खटल्यापुरतं व्हायनीला खाणावळीतच कामाला ठेवलं होतं. मक्याची भाकरी उलटता उलटता तिने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे सकाळी मी मोकळी होते?”

“चार तास.”

“अगोदर सांगायचंत की, वकीलसाहेब! तेवढ्या वेळात मी तुमच्या जजचे मोजे धुतले.”

ती हसली. मीही हसलो, मग एकटाच हसत राहिलो. पुतण्या तिला पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कचेरीच्या पायऱ्यांवर लिलावात विकणार होता.

जजसाहेब निवडून आले. त्याच दिवशी मी वरच्या न्यायालयाला अर्ज केला. तिथे अर्ज आता तेच वाचतात:

‘नकलवहीचे पान सत्त्याऐंशी कोरे असल्याची नोंद अर्जदाराने खोटी केली आहे, त्याबद्दल त्याची सनद काढून घेण्यास हरकत नाही. तरी सदर पान कोरे आहे किंवा कसे, हे माननीय न्यायमूर्तींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवावे, आणि ठरेपर्यंत व्हायनी हिचा येत्या मंगळवारचा लिलाव तहकूब ठेवावा, ही विनंती.’