लँडनचा हात

त्या उन्हाळ्यात एल्डरटनच्या हॅमर्स या बेसबॉल संघाला हरण्याची इतकी सवय झाली होती, की गावातले लोक सामना पाहायला कमी आणि सॉसेज-बन खायलाच जास्त यायचे. वर्ना सोबचॅक मात्र सामन्यासाठीच यायची. नवरा होता तेव्हाही यायची, तो गेल्यावरही येत राहिली. तिची खुर्ची ठरलेली, बॅटरच्या मागे, प्रेक्षकांना चेंडू लागू नये म्हणून बांधलेल्या जाळीला अगदी लागून. शेजारी बर्नी. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला आणि तोंडाचा फाटका.

पण यंदा वर्नाला हरण्याचं काहीच वाटत नव्हतं. तिला भीती वाटत होती.

या छोट्या संघातल्या पोरांचा पगार तुटपुंजा, म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घेत. वर्नाच्या माडीवर लँडन प्रुइट राहायचा. अलाबामाचा ताडमाड पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, बोलायला मवाळ. जूनमध्ये त्याच्या हातून चेंडू निसटला आणि समोरच्या बॅटरच्या डोळ्याखाली बसला. तो आवाज वर्नाने जाळीआडून ऐकला होता. त्या पोराला उचलून न्यावं लागलं. जीव वाचला, पण एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं. तेव्हापासून लँडनचा हात बिघडला. कधी चेंडू बॅटरच्या पाठीमागून जायचा, कधी थेट वर्नासमोरच्या जाळीवर आदळायचा.

"मिस वर्ना, आज तुम्ही नाही आलात तर बरं," एका सकाळी तो म्हणाला. पुढ्यातली अंडी तशीच होती.

"का रे? माझ्या ओरडण्याचा त्रास होतो?"

"तुम्ही जाळीपाशी बसता. ती फाटली तर?"

"माझ्या लग्नाच्या आधीची जाळी आहे ती. अजून काही झालं नाही तिला."

"म्हणूनच म्हणतोय."

ती हसली. पण सामन्याआधी तिने कुंपणापाशी मॅनेजर ओक्सला गाठलं. "त्याला आज उतरवू नका."

"बाई, माझ्याकडे उरलंय कोण? दोघं जायबंदी, एकाला वरच्या संघाने उचलला."

"पोरगा घाबरलाय हो."

"मीही घाबरलोय. पुढच्या वर्षी माझी नोकरी राहील असं वाटतंय तुम्हाला?" ओक्सने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो निघून गेला.

सामना संपत आला तेव्हा लँडनला बोलावणं आलं. हॅमर्स तोवर चांगलेच मागे पडले होते. समोरचा बॅटर किरकोळ अंगाचा, च्युइंगगम चघळत उभा. पहिला चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. लोक हसले. दुसरा सरळ तोंडाच्या रोखाने आला. बॅटरने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं, हेल्मेट गडगडत गेलं. मग कोणी हसलं नाही.

वर्नाने जाळीत बोटं घट्ट रुतवली. तो पोरगा कपडे झटकून पुन्हा उभा राहिला, आता गम चघळत नव्हता. लँडन हातातल्या चेंडूकडे पाहत राहिला. मग खाली वाकून त्याने तो मातीवर ठेवला आणि मैदानाबाहेर चालायला लागला.

"परत जा," ओक्स खेकसला. लँडन थांबला नाही. चहूकडून हुर्यो उठली.

"पळपुटा," बर्नी म्हणाला.

"बर्नी, तोंड आवर."

ती उठली. लँडन तिला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या बोळात सापडला, फरशीवर बसलेला, उजवा हात काखेत दाबून.

"तो मेला असता, मिस वर्ना."

"हो," ती म्हणाली. खोटा धीर तिच्या तोंडून निघेना. ती तशीच त्याच्या शेजारी फरशीवर टेकली. वर मैदानात कोणाच्या तरी बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला. दोघंही दचकली.

चार दिवसांत संघाने त्याला काढून टाकलं. हॅमर्स तळाला राहिले, ओक्सचीही नोकरी गेली. पुढच्या वर्षी वर्नाने तीच खुर्ची घेतली. पण पिचरने हात उचलला की तिचे डोळे आपोआप मिटायचे.

"बघायला आलीस की झोपायला?" बर्नी विचारायचा.

लँडन आता अलाबामात काकाच्या भुईमुगाच्या शेतावर काम करतो. कधीमधी फोन करतो. बरा आहे म्हणतो. फक्त कोणाकडे काही फेकत नाही. गाडीची किल्लीसुद्धा जवळ जाऊन हातात देतो.