सत्तावीस जाकिटं

या मेळाव्यातून दिलावरला मिळण्यासारखं थोडंथोडकं नव्हतं. सत्तावीस जाकिटं नीट बसली, की जूनपासून शाळेच्या सहाशे पोरांचे गणवेश त्याच्या मशीनवर येणार. संस्थेचे अध्यक्ष दौलतराव यांनी तसा शब्दच दिला होता. मंगरूळपिरातली त्याची गिऱ्हाइकं रेडिमेडवाल्यांनी केव्हाच पळवली होती. हेही गेलं, तर दुकानाचं शटर ओढायचं, इतका साधा मामला.

आसेगावच्या शाळेची दहावीची बॅच तीस वर्षांनी भरत होती. दिलावर त्याच बॅचचा. सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचं जाकीट हवं, ही पुण्याच्या कंपनीत साहेब झालेल्या मुकेशची हौस. मापं त्यानंच ग्रुपवर मागवली, आणि तिथंच घोळ झाला.

यादी वाचून दिलावर गार पडला. रिसोडला पोलीस जमादार असलेला हरिसिंग, पोट चौतीस! "जुबेदा, हा मानूस जीपमंदी दोघाची जागा घेते," तो बायकोला म्हणाला. सोयाबीनचा अडत्या, छत्तीस. खुद्द मुकेश, बत्तीस. कोण कुठं पोचला, ते लोक पगारावरून सांगतात; दिलावर अंगावरून सांगायचा. खुर्चीवाल्याचं पोट पुढं येतं, वांगी-टमाटे पिकवणाऱ्या किसनसिंगचे खांदे रुंदावतात, मास्तरचा उजवा खांदा फळ्यापायी वर राहतो. यादीत मात्र सगळे अजून दहावीतच बसलेले.

"मंग पुन्हा इचारा ना त्याहिले," जुबेदा म्हणाली.

"इचारलं. सतरा जनाईनं नुसता अंगठा पाठवला."

यादीप्रमाणे शिवावं, तर बटणं लागणार नाहीत. मोठं शिवावं, तर साहेबलोकांचा अपमान. दोन दिवस त्यानं कात्री हातात घेतली नाही. शेवटी ग्रुपवरचे लग्नाचे, वाढदिवसांचे फोटो काढून, एकेकाला दाराच्या चौकटीशी, मोटारसायकलच्या हँडलशी ताडून त्यानं खरी मापं काढली. जाकिटं त्या मापानं शिवली, आणि गळ्याच्या पट्टीवर आकडा लावला ज्यानं त्यानं दिलेला.

संघदीपचा फोटो तेवढा मिळाला नाही. तो एस.टी.त कंडक्टर. यादीत त्याचं पोट तीस, आणि पुढं लिहिलेलं, 'दिलावरभाऊ, हेच माप घे.' दिलावरला हसू आलं. त्यानं स्वतःची मापांची वही काढली. तीन वर्षांपूर्वी संघदीपची खाकी त्यानंच शिवली होती: बेचाळीस. माणूस थाप मारेल, वही कशाला मारेल? त्यानं बेचाळीस कापलं.

मेळाव्याच्या सकाळी तो शाळेच्या व्हरांड्यात सुईदोरा घेऊन उभा राहिला. दर बटणाला जीव मुठीत. हरिसिंगचं बसलं. अडत्याचं बसलं. मुकेशनं गळ्याची पट्टी उलटून पाहिली. "बत्तीस! पाह्य, मी अजून तसाच हावो."

"थोडे उतरलेच म्हना," दिलावर म्हणाला आणि घाम पुसला.

मग संघदीप आला. गालांची हाडं वर आलेली, गळ्याच्या शिरा मोजाव्यात अशा. जाकीट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यागत लोंबलं.

"काहून रे संघ्या, बापाचं घालून आला काय?" हरिसिंग ओरडला. व्हरांडा खदखदला.

दौलतराव पुढं आले. "दिलावर, हे कसं काय? सहाशे पोरायचं असंच करसान काय?"

दिलावर पेचात सापडला. एकाचं माप यादीतलं घेतलं नाही म्हणावं, तर बाकीच्यांची कशी घेतली, हे लगेच निघणार होतं.

संघदीपनं त्याच्याकडं एकदाच पाहिलं. "साहेब, त्याची चूक नाई. मीच जुनं माप देल्लं. साखरेनं वाळलो, ध्यानातच राह्यलं नाई."

"मंग ठीक हाय. दिलावर, जूनचं पक्कं समजा."

दिलावरनं खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते 'शुक्रिया'.

फोटोसाठी सगळे पायऱ्यांवर उभे राहिले. दिलावर संघदीपच्या मागं गेला, पाठीवरचं फालतू कापड त्यानं मुठीत गोळा करून घट्ट धरलं. पुढून जाकीट झकास दिसायला लागलं. दिलावरच्या बोटांना मात्र मणके लागत होते.

"सोडू नको बरं," समोर पाहतच संघदीप पुटपुटला.

फोटो सुरेख आला. झाडून सगळ्यांची पोटं झाकली, मुकेशचे बत्तीस शाबूत राहिले, दिलावरला सहाशे गणवेश मिळाले. खरं माप एकट्या संघदीपनं दिलं होतं. हसं त्याचं झालं, आणि खोटाही तोच ठरला.