वेचणीची सुट्टी

बोर्डाच्या शाळेला दिवाळीची सुट्टी वरून छापून येई, पण कापूस वेचणीची तीन आठवड्यांची सुट्टी कधी द्यायची ते गावच्या हेडमास्तरानं ठरवायचं. पीक बघायचं, तारखा लिहायच्या, शाळा कमिटीच्या अध्यक्षाची सही घ्यायची आणि कागद वर पाठवायचा. खामगावात बसलेल्या साहेबाला सोनाळ्यापलीकडच्या बोंडांची काय खबर असणार? त्यामुळे हेडमास्तर लिहील ती पूर्व दिशा. त्या वर्षी हा अधिकार उद्धव मास्तरांनी आपल्या बायकोच्या बाळंतपणाला जोडला.

याच्यामागे दुःख होतं, ते सांगायला हवं. प्रतिमाबाईंचं पहिलं बाळंतपण ऐन शाळेच्या दिवसांत आलं होतं. रजा मंजूर होऊन मास्तर अमडापूरला सासुरवाडीला पोचले तेव्हा मूल पुरून दोन दिवस झाले होते आणि बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुम्ही असतात तर," एवढंच ती म्हणाली आणि पुढे कधी काही म्हणाली नाही. ते वाक्य मास्तरांच्या मनात घर करून बसलं. या खेपेला दिवस भरत होते कार्तिकात. मास्तरांनी ऑक्टोबरातच कागद काढला आणि वेचणीची सुट्टी दिवाळीच्या सुट्टीला जोडून लिहून टाकली.

शाळेतले दुसरे मास्तर नजीर. पहिली-दुसरी त्यांच्याकडे. सोनाळ्याहून रोज दोन कोस चालत येत, कारण घरी म्हातारी आई इमामबी, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिला सोडून गावात बिऱ्हाड करता येत नव्हतं. कागद पाहून नजीर म्हणाले की यंदा पाऊस वीस दिवस मागं झाला, पेरा मागं, बोंडं अजून हिरवीच आहेत. उद्धव मास्तर म्हणाले, ऊन चांगलं पडतंय, फुटतील. बोंडांनी मास्तरांचं ऐकायला ती काही पहिलीची पोरं नव्हती, पण नजीर आपल्या वर्गाकडे वळले. हंगामी नोकरीच्या माणसानं एकदा सांगावं, दोनदा सांगू नये. अध्यक्ष शेषराव पाटलांनी कागद न वाचताच सही केली. मास्तरांनी लिहिलं म्हणजे बरोबरच असेल, असा त्यांचा हिशोब.

आणि इथे जोखीम मास्तरांची नव्हतीच. बोर्डाचा नियम असा की महिन्याची सरासरी हजेरी चाळिसाच्या खाली गेली की शाळेतून दुसरा मास्तर उचलायचा. नजीरची नेमणूक हंगामी, म्हणजे जागा गेली की नोकरीही गेली. हे दोघांनाही ठाऊक होतं.

सुट्टी लागली. गावात कुणाच्या वावरात वेचणीच्या मुहूर्ताची सीतादहीची पूजासुद्धा झाली नव्हती, मग वेचणी कुठली? पोरं तीन आठवडे नदीत डुंबली, बोरीवर दगड मारत हिंडली. उद्धव मास्तर शेगावपर्यंत छकड्यानं आणि पुढे मोटारीनं अमडापूरला गेले. सासरे भगवानरावांनी जावयाची बडदास्त ठेवली. मास्तर रोज सकाळी उठून बायकोच्या चेहऱ्याकडे बघत आणि ती मान हलवी. तीन आठवडे संपले. कापूस फुटला नाही तसं मूलही आलं नाही. मास्तर हात हलवत परत आले.

शाळा उघडली त्या सोमवारी अठ्ठावन्नाच्या पटापैकी त्रेपन्न पोरं हजर होती. गुरुवारी सगळं शिवार पांढरं झालं. शुक्रवारी एकतीस. पुढच्या आठवड्यात अकरा, तीही वेचायला न जमणारी बारकी. लहान हातांनी बोंडातला कापूस चांगला निघतो, ते हात शाळेत कोण ठेवील? मास्तर घरोघर फिरले. सत्यभामाबाई कमरेला कापूस भरायचं ओटीचं फडकं बांधून दोन्ही पोरींना घेऊन निघाल्याच होत्या. त्यांनी मास्तरांना वाटेतच गाठलं.

"कापूस नव्हता तवा सुट्टी देल्ली. आता कापूस आला त शाळा उघडली. तुमचं पंचांग काढते कोन, मास्तर?"

पंचांग काढणारा समोरच उभा होता.

त्याच दिवशी दुपारी भगवानरावांचं कार्ड आलं. दिवस उलटून गेले आहेत, मूल आडवं आहे असं सुईण म्हणते, ताबडतोब निघून या. रजेचा अर्ज वर जाऊन खाली यायला आठ दिवस लागले असते. मास्तर कार्ड हातात घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. नजीरनी ते वाचलं आणि म्हणाले, तुम्ही निघा, चारही वर्ग मी बघतो.

या खेपेला मास्तर वेळेवर पोचले. चिखलीहून डॉक्टरीणबाई आणायला स्वतः गेले, दारात बसून राहिले आणि पहाटे मुलीचं रडणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. प्रतिमाबाईंनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मास्तर रडले. इतकं सुख त्यांना उभ्या जन्मात झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी बर्फीचा पुडा घेऊन ते शाळेत हजर झाले. नजीरनी मुबारकबाद दिली, बर्फीचा तुकडा खाल्ला, हात पुसले आणि शेरेबुक पुढे केलं. मास्तर निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी डिप्टी साहेब तपासणीला येऊन गेले होते. हेडमास्तर कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. नजीर म्हणाले, पोरं गोळा करायला वावरात गेले आहेत. साहेबांनी ते मानलं, पोरं मोजली आणि शेरा लिहिला: सरासरी हजेरी चाळिसाहून बरीच कमी आहे. एक शिक्षक सर्व वर्ग सांभाळू शकतो हे प्रत्यक्ष पाहिले. दुसऱ्या शिक्षकाची जागा कमी करावी. हेडमास्तरांस हरकत असल्यास कारणासह पंधरा दिवसांत कळवावे.

उद्धव मास्तरांनी शेरा दोनदा वाचला. ज्या कामानं आपली अब्रू राखली त्याच कामानं या माणसाची जागा गेली, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, "नजीर, मी लिहू का साहेबांना? सुट्टीच्या तारखा मी माझ्या सोयीनं काढल्या, म्हणून हजेरी पडली, असं?"

निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यावर 'जेवून जा' म्हणावं तसं त्यांनी ते विचारलं होतं. पाहुणा 'नको' म्हणतो, अशी रीत आहे.

"लिहा," नजीर म्हणाले.

मास्तर गडबडले. "माझी हेडमास्तरकी जाईल."

"हाव. जाऊ शकते."

"मग त्या दिवशी साहेबांना माझ्यासाठी खोटं का सांगितलंस?"

"वहिनीच्या जीवासाठी सांगतलं, मास्तर. तारखांसाठी नाही सांगतलं."

मास्तरांनी कागद ओढला. पहिल्यांदा लिहिलं की पावसाच्या अनियमितपणामुळे सुट्टीचा अंदाज चुकला. नजीरनी वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले की पाऊस मागं पडला ते जुलैतच कळलं होतं आणि तारखा ऑक्टोबरात लिहिल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. मास्तरांनी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात कार्तिक आला, बाळंतपण आलं, सहशिक्षकानं आधी सावध केलं होतं तेही आलं. चार ओळींचं पत्र लिहायला त्यांना शाळा सुटेपर्यंतचा वेळ लागला.

पाकिटावर पत्ता घालून मास्तरांनी ते कोटाच्या खिशात ठेवलं. शनिवारी सोनाळ्याला जायचंच आहे, तेव्हा टपालात टाकतो, असं ते म्हणाले.

नजीरनी काठी उचलली होती. त्यांनी हात पुढे केला. "मी सोनाळ्यालेच जाऊन राह्यलो. द्या, मीच टाकतो."

मास्तरांचा हात खिशावरच राहिला. शनिवारपर्यंत हे पत्र आपल्याकडून टाकलं गेलं नसतं, हे त्यांना त्या घटकेला समजलं. नजीरला ते त्यांच्या आधीच समजलेलं होतं. म्हणून तो हात पुढे तसाच होता. मास्तरांनी पाकीट काढून त्यावर ठेवलं.