तिच्या नावचं नको

जिनदत्त चौगुल्यांना आयुष्यात एकदाच बायकोच्या वतीनं बोलायची वेळ आली, आणि नेमकी तिथंच माणसानं माती खाल्ली. एरवी कवठे महांकाळच्या त्यांच्या बियाणांच्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा म्हणायचं, "काकींना इचारा, काकांस्नी काय कळतंय!"

बायकोच्या, चंदनबालेच्या, छातीतली कॅन्सरची गाठ काढली, वर किरणं दिली. गाठ गेली, पण किरणांनी फुफ्फुस भाजलं. वेणी घालता घालता बाई मध्येच थांबून दम खाऊ लागली. सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजन लावला, गोळ्या चालू केल्या. गुण काही येईना.

डॉक्टरांनी जिनदत्तांना बाजूला घेतलं. फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक पातळ थर असतो, तो गेला की फुगे मिटतात, उघडतच नाहीत. "कमी दिवसांच्या बाळांना त्यासाठी एक औषध देतात. तेच नळीनं आत सोडून बघू. किरणांच्या दुखण्यावर अजून प्रयोगच आहे, खात्री देत नाही. पण करायचं तर आत्ताच. आत व्रण धरले की उपयोग नाही. आणि तुम्ही जैन, म्हणून सांगतो, हे कत्तलखान्यातल्या जनावराच्या फुफ्फुसातून काढतात. काकूंना विचारून सांगा."

काकूंना विचारा म्हणे! पाणी गाळल्याशिवाय जी पीत नाही, मुंगी दिसली की हातातली केरसुणी थांबवते, तिला हे विचारायचं? जिनदत्त खाटेपाशी गेले. ती डोळे मिटून पडली होती. तिच्या पायांवर पांघरूण ओढून ते तसेच माघारी आले आणि म्हणाले, "न्हाई म्हनतीया." वर छाती फुगली त्यांची. बायकोचा धर्म राखला ना!

पुढं आजार वाढतच गेला. एका सकाळी तिनंच डॉक्टरांना विचारलं, "आता दुसरं काय औषीद न्हाई का वो?"

"होतं, काकू. पण तेव्हा तुम्ही नको म्हणालात. आता व्रण पक्के झाले."

डॉक्टर गेले. मग ती नवऱ्याकडं वळली. "मी कवा नको म्हनलं?"

जिनदत्तांनी सगळं सांगितलं. जनावर, कत्तलखाना, धर्म.

"ब्राह्मी जल्मली तवा तिला काय दिलं हुतं?"

ब्राह्मी त्यांची नात, सातव्या महिन्यात झालेली. तिचं जगणं-मरणं चाललं होतं तेव्हा आजोबा मंदिरात जप करत बसले होते.

"ह्येच दिलं हुतं. कशापासनं करत्यात त्ये तवाबी डॉक्टरनं सांगितलं. सूनबाई नुसती रडत हुती. मीच म्हनलं, द्या. पाप लागलं तर मला लागू द्या." तिला धाप लागली. जरा वेळानं म्हणाली, "गूळ काय उगं सोडलाय व्हय मी?"

नात झाल्यापासून तिनं गूळ तोंडात घातला नव्हता. साखरेच्या आजाराला भिते म्हणून दर संक्रांतीला जिनदत्त तिची टिंगल करायचे.

"व्रत माझं हुतं. मोडायचं का न्हाई, त्ये मी ठरवलं असतं की. मला जगायचं हुतं, आवं."

त्या 'हुतं'नं जिनदत्त भुईवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

दरवर्षी पर्युषण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी घरात सगळे एकमेकांची क्षमा मागत. जिनदत्त वर्षभराचं एकदम मागून मोकळे व्हायचे. ती हसून म्हणायची, "यंदाचं माफ. पुढल्या वरसाचं पुढं बघू." यंदा तो दिवस दवाखान्यात उजाडला. जिनदत्त खाटेजवळ हात जोडून उभे राहिले. मन मेलं वेडं, त्याच वाक्याची वाट बघत होतं.

तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "यंदाचं न्हाई," एवढं बोलून थांबली, दम घेतला. "पुढलं वरीस आनून द्या. मग मागा."

जिनदत्तांनी मास्क परत नीट बसवला. चार दिवसांनी ती गेली.

पुढलं वरीस आपलं आपण आलं. क्षमावाणीला ब्राह्मी पळत दुकानात शिरली, "आजोबा, उत्तम क्षमा!" पळून पळून पोरीची छाती भात्यासारखी हलत होती. जिनदत्तांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसले. स्वतः मात्र त्यांनी कुणापुढं हात जोडले नाहीत. मागणार कुणाकडं?