हातभर दुमड

आत्याचा भाचा इतका उंच होता, की त्याची पॅन्ट शिवायला घेतली तर आत्या सकाळी कमरेपासून निघायची आणि घोट्यापाशी पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. तो झोपला की पाय खिडकीबाहेर जायचे आणि समोरची इस्त्रीवाली त्यांवर चादरी वाळत घालायची. इस्त्रीवाली हे साफ नाकारते. म्हणते, चादरी कधीच नाही, फक्त रुमाल.

आईबाप लवकर गेले म्हणून आत्याने त्याला वाढवायला घेतलं, आणि पोरगं वाढायचं थांबेचना. सगळे त्याला लांब्या म्हणायचे. आत्याची खोली एकच आणि तिचं दार बुटकं. लांब्याच्या कपाळावर बारा महिने टेंगूळ. शेवटी आत्याने सुताराला बोलावून दाराच्या वरच्या चौकटीला मधोमध, डोक्याच्या मापाची अर्धगोल खाच पाडून घेतली.

"त्यापेक्षा दारच मोठं करून घ्या की," सुतार म्हणाला.

"बाकीच्या दाराने काय घोडं मारलंय? डोकं तेवढं अडतंय. शर्टाला गळा कापतात, तसा काप."

तेव्हापासून लांब्या त्या गळ्यातून सरळ मानेने आतबाहेर करू लागला. पुढे त्याचं लग्न झालं. एका खोलीत शिलाई मशीन, आत्या, लांब्या आणि सूनबाई. सूनबाईंना कूस बदलायची असली तर आधी मशीन बाहेर काढावं लागे. अशाने किती दिवस चालणार? दोघं दूरच्या शहरात भाड्याने राहायला गेले. तिथे त्यांना मुलगी झाली. दर रविवारी फोनवर लांब्या एकच सांगायचा, "आत्या, आपल्याकडे दोन खोल्यांचं घर मिळू दे, दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येतो."

चौकटीतल्या खाचेतून आता नुसता वारा यायचा आणि शीळ घालायचा. आत्याने लांब्याच्याच पॅन्टींच्या उरलेल्या चिंध्यांचा बोळा करून तिथे कोंबला.

अशात नगर समितीपुढे प्रस्ताव आला: बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेवर आठ लहान घरं बांधायची, आणि जागेअभावी बाहेर गेलेल्यांना आधी द्यायची. आत्याने त्याच दिवशी लांब्याचं नाव घातलं. तिसरं घर त्याला धरलं गेलं.

आता या समितीची एक जुनी रीत होती. कागदावरचं घर तिथे कुणी मानत नसे. घर मंजूर करायच्या आधी जागेवर बांबू रोवायचे, छपराच्या उंचीला पांढरी दोरी बांधायची, दारांच्या जागा मोकळ्या सोडायच्या आणि निर्णय होईपर्यंत ते तसंच ठेवायचं. म्हणजे ज्याला बघायचं त्याने बघावं, भांडायचं त्याने भांडावं.

पण निर्णय दर बैठकीला पुढे ढकलला जाऊ लागला आणि लोकांना त्या घरांची सवय झाली. दोरीच्या घरात शिरताना लोक पाय पुसू लागले. भिंतीतून आरपार गेला म्हणून एका पाववाल्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. दार असताना भिंतीतून जातोस, शोभतं का तुला? एका नवराबायकोचं तर स्वयंपाकघरातल्या खिडकीवरून इतकं बिनसलं, की तो दिवाणखान्यात रुसून बसला आणि ती आतल्या खोलीत. मध्ये फक्त हवा होती, तरी संध्याकाळपर्यंत एकमेकांना दिसले नाहीत.

आत्या रोज मशीनसमोरचं स्टूल उचलून निघायची. इस्त्रीवालीने हटकलं तर म्हणायची, "जरा लांब्याकडे जाऊन येते." तिसऱ्या घरात स्टूल टाकून बसायची. पोरीचं अंथरूण इथे, लांब्याचे पाय त्या कोपऱ्यातून ह्या कोपऱ्यापर्यंत आडवे. दोरी त्याच्या डोक्यावरून जवळजवळ हातभर उंच जात होती. आत्या वर बघायची आणि तिला बरं वाटायचं. शेजारच्या घरांत येणाऱ्यांचे पडदेही तिनेच शिवायला घेतले होते.

घोडं अडलं पोस्टमास्तरांपाशी. समितीत अर्धे लोक घरांच्या बाजूने, अर्धे विरुद्ध, आणि पारडं निवृत्त पोस्टमास्तरांच्या हातात. त्यांची गच्ची नेमकी त्या जागेला लागून होती. गच्चीत त्यांची वेताची खुर्ची, खुर्चीत ते, आणि त्यांच्या गुडघ्यांवर सकाळचं ऊन. "छपराची सावली माझ्या गुडघ्यांवर येणार," ते म्हणत. "आत्ताच येतेय."

"अहो, आत्ता नुसती दोरी आहे," आत्याने समजावलं.

"मग दोरीचीच येतेय. काल ह्या गुडघ्यावर होती, आज त्या. रात्रभर ठणकत होते दोन्ही."

"दोरी खाली असती तर चाललं असतं?"

"हातभर खाली असती तर माझी काय तक्रार आहे? घरं काय मला नको आहेत?"

आत्या घरी आली आणि मशीनवर बसून विचार करू लागली. आयुष्यभर तिने एकच धर्म पाळला होता: कापायचं कधी नाही, दुमडायचं. शाळेत जाणाऱ्या लांब्याच्या पॅन्टींना ती नेहमी वीतभर कापड आत दुमडून ठेवायची. पोरगं वाढलं की टाके उसवायचे, इस्त्री फिरवायची. कपडा मंजूर होतेवेळी आखूड असला तर काय बिघडलं? पोटात कापड पाहिजे.

भर दुपारी, सगळं गाव वामकुक्षी घेत असताना, आत्या स्टूल घेऊन गेली. एकट्या तिसऱ्या घराची दोरी उतरवली असती तर आंधळ्यालाही दिसलं असतं, म्हणून तिने आठही घरं हातभर दुमडली. प्रत्येक बांबूवरची गाठ सोडायची, खाली आणायची आणि आपली शिवणकामातली दुहेरी गाठ मारायची. कारखान्याचं म्हातारं कुत्रं तेवढं बघत होतं. ते समितीवर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर गच्चीतून ओरडून सांगू लागले, की आपण ठणकावून सांगितल्यामुळे सूर्याने मार्ग बदलला.

बैठकीला सभागृह भरलं. समितीच्या अध्यक्षबाई शिस्तीच्या. इंजिनिअर उठून म्हणाला, "दोरी मोजली. नकाशापेक्षा हातभर खाली भरते."

आत्याने पदर सारखा केला.

"असू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कागदाचं आणि दोरीचं भांडण झालं तर आपल्याकडे दोरी खरी. लोकांनी तीच बघितलीय. या उंचीला माणूस राहील ना?"

"साधारण माणसाला पुष्कळ झालं."

ठेकेदार वाचलेल्या विटा मनातल्या मनात रचत होता. पोस्टमास्तरांनी हात वर केला आणि पारडं झुकलं. मागच्या बाकांवरून एकदम सुस्कारा आला. आठ घरांतली माणसं होती ती. पाचव्या घरातली सून दिवस भरत आलेलं पोट धरून बसली होती. सातव्या घरातला म्हातारा भावाकडे ओसरीवर झोपून झोपून पाठीला बाक आणून बसला होता.

"मंजूर. दोरीप्रमाणे. वर एक बोटही नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आत्या उभी राहिली. "नंतर थोडं वाढवता येईल ना? आतून?"

"आत्या, घर आहे ते, पॅन्ट नाही." सगळे हसले. "एक बोट वाढवायचं तरी पुन्हा बांबू, पुन्हा हरकती, पुन्हा मतदान. का? काही हरकत आहे तुमची? असेल तर आत्ताच सांगा, सगळं थांबवते."

पोस्टमास्तर गुडघे चोळत तिच्याकडे बघत होते. पाचव्या घरातल्या सुनेने मागून आत्याचा पदर हलकेच ओढला. "आत्या, पडदे कधी देताय?"

"बुधवारी," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

रविवारी लांब्या घर बघायला आला. सूनबाईंना रजा नव्हती, म्हणून एकटाच मुलीला खांद्यावर घेऊन आला. आत्याने फोनवर काही सांगितलं नव्हतं. मुलगी तिसऱ्या घराच्या दारातून धावत आत गेली. लांब्या तिच्यामागे निघाला आणि दोरी त्याच्या भुवयांवर येऊन थांबली.

तो तसाच उभा राहिला. मग त्याने बांबूवरची गाठ बोटांनी चाचपली. ही गाठ त्याने लहानपणापासून स्वतःच्या घोट्यापाशी बघितली होती.

"आत्या, माझ्या प्रत्येक पॅन्टीला तू वीतभर जास्त ठेवायचीस."

"इथेही ठेवलं होतं रे. आत दुमडलं होतं."

लांब्या हसला. वाकून आत आला आणि जमिनीवर बसला. आत्या स्टुलावर बसली. असे ते बरोबर समोरासमोर आले.

"बसल्यावर पुरतंय की," तो म्हणाला.

"जन्मभर बसून राहणार आहेस?"

मुलगी दोघांच्या मधून या खोलीतून त्या खोलीत पळत होती, आणि प्रत्येक वेळी न चुकता दारातूनच जात होती.

"आत्याआजी, मी इथे झोपणार?"

"बघू," लांब्याने आत्याच्या आधीच उत्तर दिलं. हा बघू आत्याच्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकाला कापड आवडलेलं असतं, अंगाला लावून बघितलेलं असतं, आणि घडी घालून परत देताना ते म्हणतं तो.

बसच्या आधी तो आत्याकडे चहाला आला. दारात सवयीने मान ताठ ठेवून शिरला आणि कपाळ चिंध्यांच्या बोळ्यावर आदळलं. मऊ होतं, लागलं नाही. त्याने वर बघितलं. आपल्या शाळेच्या पॅन्टीचा खाकी तुकडा त्याला ओळखू आला. तो वाकून आत गेला, चहा प्यायला, आणि मुलीला घेऊन वाकूनच बाहेर पडला.

बस गेली. बुधवारी द्यायचे पडदे मशीनवर पडले होते. आत्याने आधी स्टूल दारात ओढलं, त्यावर चढली आणि खाचेतला बोळा उपसून काढला. वारा लगेच शीळ घालत आत आला. मशीनवरचा पडदा फडफडू लागला तेव्हा तिने त्याच्या टोकावर कात्री ठेवली आणि पाचव्या घराच्या खिडकीचं माप पुन्हा एकदा बघितलं. माप आता हातभर कमी झालं होतं. तिने कापड कापलं नाही. आत दुमडून घेतलं.